मागचं डावं चाक

बायकोच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा जरा नीट करून घ्यायच्या, एवढंच काम होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा आणि आंघोळ यांच्या मधे उरकेल असं. पुढे त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली, आमच्या साहेबांचा शेरा आला, भंगारवाल्याचा कुत्रा आला, आणि शेवटी तर मी स्वतःच आलो. ते सगळं क्रमाने सांगायला हवं, कारण कॉलनीत ही हकिगत उलटसुलट फिरते आहे आणि प्रत्येक फेरीत माझं वजन चार-पाच किलोंनी वाढतं आहे.

आमची ही ड्रायव्हिंग स्कूलमधे शिकवते. आठवडाभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, "क्लच हळू सोडा, आरशात बघा, घाबरू नका, मी आहे," असं गोड आवाजात म्हणायचं, आणि समोरचा माणूस विजेच्या खांबाकडे निघाला तरी चेहरा हसरा ठेवायचा. त्याचं उट्टं ती रविवारी काढते. गावाबाहेर मातीचा ट्रॅक आहे, तिथे ती शर्यतीत गाडी पळवते. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग माझ्याकडे बघतात आणि मग जास्त हसतात. मी आता सवय करून घेतली आहे.

गाडी म्हणजे एक जुनी, चौकोनी, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी. काचा काढून टाकलेल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि दोन खुर्च्या. उजवी तिची. डावी सहचालकाची. क्लबच्या नियमाप्रमाणे ती दुसरी खुर्ची आणि तिचा पट्टा ठेवावाच लागतो, बसायला कुणी असो वा नसो. बहुतेक जण ती रिकामी ठेवतात, कशाला उगाच ओझं! हिनं पहिल्या वर्षी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "घरात एकाने तरी शाबूत राहायला हवं." तिनं पुन्हा विचारलं नाही.

तर, त्या ट्रॅकवर एक डावं वळण आहे. त्याला सगळे 'न्हाव्याचं वळण' म्हणतात, कारण तिथून गाडी काहीतरी कापून घेतल्याशिवाय परत येत नाही. कुणाचा आरसा जातो, कुणाचा दिवा. आमच्या गाडीचं मात्र वेगळंच होतं. त्या वळणावर आली की तिचं मागचं अंग फरकन बाहेर निघायचं आणि गाडी स्वतःभोवती फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहायची. मग इंजिन बंद. मग झेंडेवाले धावत यायचे. अशा लागोपाठ दोन शर्यती अर्धवट सुटल्या. आणि क्लबचा नियम असा, की सलग तीन सुटल्या तर नाव कमी. पुन्हा नाव घालायचं तर नवशिक्यांच्या रांगेत शेवटी उभं राहा, दोन-तीन वर्षं नंबर लागत नाही.

दुसऱ्या शर्यतीहून आल्यावर तिनं हेल्मेट धुतलं, पुसलं, आणि नेहमीच्या खुंटीवर न अडकवता माळ्यावर टाकलं. माळ्यावर आमच्याकडे फक्त परत न लागणाऱ्या वस्तू जातात. माझी व्यायामाची सायकल तिथेच आहे. ते हेल्मेट तिथे बघून मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी म्हणालो, "थांब. या वेळी गाडीचं मी बघतो."

हे ऐकून सासूबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या आमच्याकडेच असतात आणि माझ्याविषयी त्यांचं मत चांगलं आहे. फक्त मी कशाला हात लावू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मागे तुम्ही नळाचं बघितलं होतंत."

नळाची गोष्ट वेगळी होती. पण ती आत्ता नको.

माझ्या आत्मविश्वासाला आधार होता. मी वजनमापे कार्यालयात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर कागद करायचा. या कामात माणसाला एक शिस्त लागते. दुकानदार गयावया करतात, "साहेब, शिक्क्यानंतर जरा स्क्रू पिळायचा राहिला, एवढं पिळू द्या." मी त्यांना एकच उत्तर देतो, "शिक्का म्हणजे शिक्का." माझं हे वाक्य बाजारपेठेत प्रसिद्ध आहे. पोरं माझ्या पाठीमागे ते म्हणून दाखवतात असं मला कळलं आहे, पण माझं तोंड पुढे असल्यामुळे मी ते पाहिलेलं नाही.

आधी निदान. वरच्या मजल्यावर टर्नर काका राहतात. आयुष्य लेथ मशीनवर गेलं, निवृत्त झाल्यापासून हाताला काम नाही, त्यामुळे कुणाच्या घरात काही पडल्याचा आवाज आला तरी पान्याची पेटी घेऊन खाली येतात. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि आतूनच जाहीर केलं, "मागची डावी स्प्रिंग बसलीय! भार कसा घेणार? वळणावर ते चाक उचलतंय, त्याची मातीवरची पकड सुटतेय, म्हणून गाडी फिरतेय." निदान बरोबर होतं. ते अगदी मन लावून सांगतो, कारण काकांचं बरोबर आलेलं तेवढंच.

उपाय म्हणून त्यांनी टेम्पोच्या स्प्रिंगा आणल्या. "कडक पाहिजे! कडक असलं की हलतच नाही!" आम्ही त्या बसवल्या. हलण्याचा प्रश्न खरोखरच मिटला. गाडीची मागची बाजू कमरेएवढी वर गेली आणि तोंड जमिनीला टेकलं. बायको आत बसली आणि तिला समोर फक्त पार्किंगची फरशी दिसायला लागली. गाडी गेटपर्यंत नेली तर वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती बेडकासारखी उडाली. मागे शॉकअप नावाची दोन नळकांडी असतात, स्प्रिंगेची उसळी आवरायला. त्यातल्या एकाने तिथल्या तिथे तेल सोडलं.

ते तेल सेक्रेटरींच्या पार्किंगच्या जागेत सांडलं, हा शुद्ध योगायोग होता. पण संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीच्या आवारात कोणत्याही वाहनाचे मागील अंग विनापरवानगी उचलू नये.' खाली सेक्रेटरींची सही. 'सर्व सभासदांस' असं लिहिलं तरी येणारा-जाणारा ती वाचून आमच्याच दाराकडे बघत होता. मी तीन दिवस जिन्याने जाताना मान ताठ ठेवली. त्याने मान अवघडली.

टेम्पोच्या स्प्रिंगा परत गेल्या. शोधाशोध करून मग एक बरा जोड मिळाला, गाडीच्या मापाचा, शॉकअपसकट. याची खुबी अशी, की स्प्रिंगेच्या खाली आटे पाडलेली एक चकती असते. ती पान्याने वर फिरवली की गाडीचा तो कोपरा वर उचलला जातो आणि त्या चाकावरचा भार वाढतो. खाली फिरवली की कमी होतो. म्हणजे मागच्या दोन्ही चाकांवर सारखा भार आणता येतो. हे ऐकलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सारखा भार! म्हणजे हा विषय वजनाचा! इथे टर्नर काका कोण आणि मिस्त्री कोण? इथे माझा अधिकार!

चाकावरचा भार मोजायचा तर काटा हवा. आमच्या कार्यालयात मोठा काटा आहे. मी रीतसर अर्ज केला: 'कौटुंबिक वाहनाच्या मागील चाकांचे वजन करून मिळणेबाबत.' दोन दिवसांनी साहेबांचा शेरा आला, 'चाके काढून आणावीत.' मी खुलासा जोडला की चाकांचं वजन नको, चाकांवर किती वजन पडतं ते हवं. त्यावर शेरा आला, 'मग चाके कशाला हवीत? खुलासा करावा.' तिसऱ्या खुलाशावर साहेबांनी मला केबिनमधे बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी अर्ज मागे घेतला.

मग घरगुती उपाय. सेक्रेटरींच्या पत्नींकडे माणसांचं वजन करायचा काटा होता. आमचे संबंध सुधारावेत म्हणून मी तो मुद्दाम त्यांच्याकडेच मागितला. चाक त्यावर चढवलं आणि काट्याने एक बारीकसा आवाज केला. तो काटा आजतागायत कुणी उभं नसतानाही साठ किलो दाखवतो. वहिनी म्हणतात, "वजन कमी करायची माझी उमेदच गेली." संबंध सुधारले नाहीत.

शेवटी भंगारवाला. त्याच्या आवारात जमिनीच्या पातळीत बसवलेला भला मोठा काटा आहे आणि त्याच्यावरचा शिक्का माझ्याच हातचा. मला गाडीसह आत येताना बघून त्याचा चेहरा उतरला. "साहेब, शिक्का आहे हो अजून! हात नाही लावला कुणी!" त्याला शांत करण्यात बराच वेळ गेला. तेवढ्यात पत्र्यांच्या ढिगामागून त्याचा कुत्रा आला. त्या कुत्र्याला सगळे 'मॅनेजर' म्हणतात, कारण आवारात कोण येणार, कोण जाणार हे तो ठरवतो. टर्नर काकांचा त्याने हात चाटला. बायकोपुढे त्याने शेपटी हलवली. माझ्याकडे बघून मात्र तो खाली बसला, अगदी हलक्या आवाजात गुरगुरला, आणि माझ्या पोटऱ्यांकडे नजर लावून राहिला.

आता मी कुत्र्यांना भीत नाही. मी त्यांना मान देतो. मी गाडीचं दार उघडलं, डाव्या खुर्चीवर बसलो, दार ओढून घेतलं आणि म्हणालो, "आकडे मीच आत बसून लिहितो. चूक व्हायला नको."

बायको उजव्या खुर्चीवर बसलेलीच होती. तसा माझा आग्रहच होता. गाडी रिकामी तोलून उपयोग नाही, चालवणाऱ्यासकट तोलली पाहिजे, हे मी सर्वांना दोन-दोनदा समजावून सांगितलं होतं. एकेक मागचं चाक काट्यावर घ्यायचं, भंगारवाल्याने आकडा ओरडायचा, मी लिहायचा, आणि काकांनी गाडीखाली शिरून पान्याने चकती फिरवायची. डाव्या चाकावर भार बराच जास्त भरत होता. काकांनी उजवी चकती वर घेतली, डावी खाली घेतली, पुन्हा तोललं, पुन्हा फिरवली. आणि मी काटेकोर तरी किती! तिची पर्स गाडीत होती, ती बाहेर काढायला लावली. पाण्याची बाटली काढायला लावली. पान्याची पेटी, जुना टॉवेल, चाकाला लागलेली माती, सगळं. "शर्यतीत जे नसणार ते काट्यावर नको," मी म्हणालो. भंगारवाला भारावून गेला. "साहेब, तुमच्यासारखा माणूस नाही बघितला!" असं तो म्हणाला. मॅनेजर तेवढा दाराबाहेरून माझ्याकडे एकटक बघत होता. आता वाटतं, त्या आवारात खरा प्रकार एकट्या त्यालाच समजला होता.

शेवटी दोन्ही चाकांवर अगदी सारखा भार आला. सारखा म्हणजे सारखा. मी खुर्चीतूनच काकांशी हात मिळवला.

घरी आलो तर सासूबाईंभोवती शेजारणी बसलेल्या. गाडी भंगारवाल्याच्या फाटकातून आत जाताना कुणीतरी पाहिली होती. "काढली एकदाची भंगारात. कठीणच असतं हो, पण पोरीच्या जिवापेक्षा का गाडी मोठी?" असं सगळ्या म्हणत होत्या, आणि सासूबाई पदर डोळ्यांना लावून "जावईबापूंनी बघतो म्हटलं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

शनिवारी वीटभट्टीमागच्या मोकळ्या मैदानात गाडी चालवून बघितली. मी शेजारी बसलो. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, या बोलीवर. तिनं मातीत डाव्या बाजूला वळणं घेतली, एकामागून एक. गाडी इतकी शहाण्यासारखी वळली की मला माझाच अभिमान वाटला. मागचं अंग किंचित सरकायचं आणि पुन्हा मुकाट मागे यायचं. बायकोने गाडी थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाली, "अहो, किती छान वळते!" आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली. माझ्या हातच्या कुठल्या कामाबद्दल 'छान' हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी तिनं स्टूल घेतलं आणि माळ्यावरून हेल्मेट काढलं.

रविवारी सकाळी ट्रॅकवर पहिलं काम म्हणजे तपासणी. क्लबचे तपासनीस म्हणजे मितभाषी, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी गाडी खालून-वरून बघितली आणि पिवळ्या रंगाचा ब्रश घेऊन दोन्ही चकत्यांवर एकेक जाड फटकारा मारला, अर्धा चकतीवर, अर्धा आट्यांवर. "आता हिला हात लावायचा नाही. रंग तुटलेला दिसला की गाडी बाद." मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली. आमच्या धंद्यातला माणूस.

मग सरावाची फेरी. बायको गेली. मी कुंपणाला हात टेकून उभा राहिलो, मुद्दाम जरा पुढे, म्हणजे लोकांनी विचारलं तर सांगायला बरं. न्हाव्याचं वळण आलं. गाडी आत शिरली, मागचं डावं चाक चांगलं वीतभर जमिनीवरून उचललं गेलं, हवेत गरगर फिरलं, आणि गाडी स्वतःभोवती फिरून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

पूर्वीपेक्षा वाईट. पूर्वी निदान चाक उचललेलं दिसत तरी नव्हतं.

ती गाडी घेऊन परत आली, उतरली आणि हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. चेहरा हसरा होता. विजेचा खांब समोर आल्यावर ठेवते तसा. मला त्या हसण्याचं फार भय वाटलं. भोवती सल्लागार जमलेच. एक म्हणाला माती ओली आहे, दुसरा म्हणाला कोरडी आहे. टर्नर काका म्हणाले, "मी टेम्पोच्याच म्हणत होतो." मी म्हणालो, "हे शक्यच नाही. भार सारखा आहे. मी स्वतः लिहिला आहे. काल कशी वळत होती!"

"काल," बायको म्हणाली आणि थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग हळूहळू खाली पोटापर्यंत आणि पुन्हा वर. "अहो, काल तुम्ही आत होतात."

"होतो की."

"आणि काटा करताना?"

पर्स काढली. बाटली काढली. चाकाची माती खरवडून काढली. आणि डाव्या खुर्चीवर ब्याण्णव किलोंचा एक वजनमापे अधिकारी तसाच ठेवला. गाडीची डावी बाजू माझ्यामुळे जड भरत होती, म्हणून काकांनी चकत्या फिरवून तिथला भार कमी केला. आता मी आत नाही, म्हणजे ते चाक उचलणार नाही तर काय करणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कळसा एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर लोकांचे काटे धरले, आणि माझा मी मोजायचा राहिलो.

"आत का बसलात पण?" तिनं विचारलं.

"कुत्रा होता," मी म्हणालो. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली आणि हातमोजे काढायला लागली. एकेक बोट सोडवत, सावकाश. तीन वर्षांची मेहनत, सगळे रविवार, आणि आता नाव कमी. तेही माझ्या काटेकोरपणामुळे. मी धावत तपासनिसांकडे गेलो.

"साहेब, जरा एक चकती फिरवायची राहिली. एवढी फिरवू द्या. दोनच आटे."

"रंग लावला ना?" ते म्हणाले.

"लावला हो, पण माझ्या हातून चूक झाली आहे. तिची काही चूक नाही. एकदा तोडा आणि पुन्हा लावा, कुणाला कळणार आहे?"

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "शिक्का म्हणजे शिक्का," ते म्हणाले.

बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानदारांना त्या क्षणी काय समाधान मिळालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. मी विचारलं, वाळूची पोती ठेवली तर? सुटं वजन चालत नाही. बांधून? बांधलेलंही नाही. "वजन नाही ठेवता येत," ते म्हणाले. "सहचालक बसवता येतो. तो नियमात आहे." आणि मग त्यांनीही माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सगळे माझ्याकडे त्याच नजरेने बघत होते, दुकानदार पोत्याकडे बघतो तसं.

मी परत आलो. "हातमोजे घाल," मी बायकोला म्हणालो, "मी बसतो."

"तुम्ही?"

"तुला दुसरा कुणी ब्याण्णव किलोचा माहीत आहे का?"

एक फॉर्म भरावा लागला. 'पूर्वानुभव' या रकान्यात मी 'वजनमापे' असं लिहिलं. अंगात घालायला जे मिळालं त्याची चेन पोटाशी येऊन थांबली. हेल्मेट रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने दिलं. ते इतकं सैल होतं की मान वळवली तरी ते समोरच बघत राहायचं. टर्नर काकांनी माझा पट्टा आवळला, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "हलायचं नाही. कडक बसायचं." सासूबाई पहिल्यांदाच ट्रॅकवर आल्या होत्या. त्या कुंपणापलीकडून ओरडल्या, "जावईबापू, कशाला हात लावू नका!"

झेंडा पडला. त्यानंतर काय काय झालं ते मी पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण माती सरळ तोंडावर येत होती. आवाज मात्र सगळे ऐकले, त्यात एक माझा होता. न्हाव्याचं वळण आलं. त्या वळणाच्या आतल्या बाजूला जुन्या टायरांची भिंत आहे, म्हणजे डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या. ती भिंत माझ्या कोपराकडे धावत येताना दिसली आणि कोणताही शहाणा माणूस करील तेच मी केलं. मी बायकोच्या अंगावर झुकलो. गाडीचं मागचं अंग लगेच फरकन बाहेर निघालं.

"अहो, इकडे कुठे येताय!" ती ओरडली. "तिकडे! भिंतीकडे! तिकडेच भार पाहिजे!"

तिनं कशीबशी गाडी सावरली. दोन गाड्या पुढे निघून गेल्या. मी पिंजऱ्याची नळी घट्ट धरून विचार केला. ही बाई रोज अनोळखी माणसांच्या शेजारी बसते, हातात ना स्टिअरिंग, ना काही, आणि हसत असते. मी एवढी वर्षं तिच्या नोकरीला 'बसायचं काम' म्हणत आलो. बसणं काय असतं ते मला त्या फेरीत समजलं.

पुढच्या फेरीला मी डोळे मिटून डावीकडे कललो. मागचं चाक मातीला चिकटून राहिलं. ते मला खुर्चीखालून जाणवलं. धक्का नाही, उसळी नाही, नुसता जमिनीचा खरखरीत आवाज. त्याच्या पुढच्या फेरीला मी डोळे उघडे ठेवले. आम्ही एक गाडी मागे टाकली, मग आणखी एक. मी काहीतरी ओरडत होतो. नंतर कळलं की मी "बरोब्बर! बरोब्बर!" असं ओरडत होतो, काटा खरा निघाला की ओरडतो तसं.

शेवटच्या फेरीला न्हाव्याच्या वळणावर आमच्या पुढची गाडी फिरली आणि आडवी झाली. बाहेरून जायला वाट नव्हती. गाडी आणि टायरांची भिंत यांच्या मधे एक फट होती, आमच्या गाडीएवढी. कदाचित तेवढीही नसेल. तिनं वेग कमी केला नाही. मला तिचा आवाज आला, आणि तो ओरडण्याचा नव्हता. आठवडाभर वापरते तो होता.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी आहे."

मी होतं नव्हतं तेवढं सगळं वजन भिंतीकडे टाकलं. आमचा डावा आरसा गेला. न्हाव्याने तेवढाच घेतला. पलीकडे सरळ रस्ता होता, आणि त्याच्या शेवटी चौकड्यांचा झेंडा हलताना दिसला, तोही हेल्मेटच्या फटीतून अर्धाच.

बारा गाड्यांत आम्ही सातवे आलो. सातव्याला काही मिळत नाही. पण शर्यत पुरी झाली, नाव राहिलं, आणि बायको उतरली तेव्हा तिच्या तोंडावरच्या चिखलातून जे हसू दिसत होतं ते विजेच्या खांबावालं नव्हतं. मला उतरवायला चौघे लागले. सासूबाईंनी जवळ येऊन माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बरे दिसताय." मी त्या चिखलासकट घरी गेलो. जिन्यात सेक्रेटरी भेटले, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, चहा आणि आंघोळ यांच्या मधे, मी पार्किंगमधे पाना घेऊन गाडीशी बसलो. चूक माझी, ती निस्तरायलाही मीच हवा. काटा पुन्हा करायचा, या वेळी मी बाहेर उभा राहून, मॅनेजर असला तरी. तेवढं मी मनाशी ठरवलं होतं. बायको खाली आली.

"काय करताय?"

"चकत्या उतरवतो. तुझ्या एकटीच्या वजनाला बसवून देतो."

तिनं वाकून स्प्रिंगेवरचा पिवळा फटकारा बघितला. मग माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "शिक्का म्हणजे शिक्का."

तेवढ्यात वरून खिडकीतून सासूबाईंनी हाक मारली आणि विचारलं, की जावईबापूंना आज जेवायला किती वाढायचं.

"रोजच्याएवढंच," बायको वर बघून म्हणाली. "कमी नको, जास्त नको."